सुट्टी, घाट आणि पाणी

वार्षिक परीक्षा संपल्या की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची मंडळी दिसू लागतात. पहिली निघण्यापूर्वी येतात. "डॉक्टर, उद्या पहाटे निघतोय, पोरांना गाडी लागते, एखादी गोळी द्या," एवढेच त्यांचे म्हणणे असते. दुसरी आठ-दहा दिवसांनी, परत आल्यावर येतात. कुणाचा कान ठणकत असतो, कुणाचे डोळे लाल झालेले असतात, कुणाच्या पाठीची सालटी निघालेली असतात आणि जुलाब तर घरटी एकाला ठरलेलेच. पहिल्या मंडळींना पाच मिनिटे जास्त दिली असती तर दुसऱ्यांपैकी निम्मे आले नसते, असे मला दर वर्षी वाटते. पण दवाखान्याच्या गर्दीत ती पाच मिनिटे निघत नाहीत. म्हणून या आठवड्याचा लेख त्यासाठी.

आमच्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मामाचे गाव, एसटीची लाल गाडी आणि दुपारी विहिरीत उड्या. आता घरोघरी गाडी आली आहे, आणि मुले ‘राफ्टिंग’ आणि ‘वॉटर पार्क’ हे शब्द आपल्याआधी शिकून बसली आहेत. त्यात वाईट काही नाही. वर्षभर शिकवणी आणि मोबाईल यांत अडकलेली मुले चार दिवस पाण्यात आणि उन्हात गेली तर ती मला हवीच आहेत. प्रश्न फक्त एवढाच, की मामाच्या विहिरीवर काठावर चार पोहणारे बसलेले असत आणि कोणती पायरी निसरडी आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. अनोळखी पाण्यात ही माहिती आपल्याला नसते.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्हीही अशी सहल केली. मी, सौ., आमची सोळा वर्षांची मुलगी, धाकटा भाऊ, भावजय, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर, तिथून महाड, माणगाव करीत कोलाड. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग, आणि परतताना ताम्हिणी घाटाने वर येऊन वाटेतल्या एका वॉटर पार्कमध्ये एक दिवस. या सहलीत माझ्यासारख्या तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाच्या हातून एक चूक झाली. ती पुढे सांगतोच.

घाटातली पोटे

गाडी लागणे हा पोटाचा आजार नाही, कानाचा आहे, असे सांगितले की लोक हसतात. पण ते खरे आहे. आतल्या कानात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. घाटात ती मेंदूला सांगत असते की आपण डावी-उजवीकडे हेलकावतो आहोत. डोळे मात्र गाडीच्या आतल्या स्थिर वस्तूंकडे, विशेषतः हातातल्या मोबाईलकडे, लागलेले असतात आणि ते सांगतात की आपण जागच्या जागी बसलो आहोत. या दोन साक्षीदारांचे जमत नाही आणि त्याचा त्रास पोट भोगते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त. दोन वर्षांखालील मुलांना तो क्वचितच होतो. गाडी चालवणाऱ्याला सहसा होत नाही, कारण पुढले वळण त्याच्या डोळ्यांना आधीच दिसलेले असते.

उपायही यातूनच निघतो. ज्याला त्रास होतो त्याने मधल्या ओळीत, समोरचा रस्ता दिसेल असे बसावे आणि दूरच्या डोंगराकडे पाहावे. घाट सुरू होताच मोबाईल आणि पुस्तक बंद. काच थोडी खाली. निघताना उपाशीपोटी नको आणि वाईच्या नाक्यावर चार वडेही नकोत. इडली, पोळी, केळे असे थोडे आणि कोरडे खावे. गोळी घ्यायचीच असेल तर ती घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात जावी लागते. ओकारी सुरू झाल्यावर दिलेली गोळी ओकारीबरोबर बाहेर पडते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालकाने त्या घेऊ नयेत, आणि दोन वर्षांखालील मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत. आमच्या पुतण्याला आम्ही गोळी दिली, खिडकी दिली, तरी प्रतापगडाचा फाटा ओलांडल्यावर त्याने व्हायचे ते केलेच. प्लॅस्टिकची पिशवी हाताशी ठेवा, एवढे शेवटी उरतेच.

पट्ट्याबद्दल एकच वाक्य. मागे बसणाऱ्यांनाही तो कायद्याने बंधनकारक आहे, आणि पुढच्या आसनावर मांडीवर मूल घेऊन बसणे म्हणजे आपल्या छातीची ढाल न करता त्या मुलाची ढाल करणे होय.

काठावरची आजी

पोलादपूरला उतरलो की हवा बदलते. सातारचा उन्हाळा कोरडा, घाम येतो आणि वाळतो. कोकणात घाम येतो आणि तसाच राहतो. हा फरक केवळ चिकचिकीचा नाही. घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो, तो वाळलाच नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे महाडला तापमापकावरचा आकडा साताऱ्यापेक्षा कमी असला तरी म्हाताऱ्या माणसाला तो जास्त जाचतो.

आमच्या आईला रक्तदाबासाठी दोन गोळ्या आहेत, त्यांतली एक लघवी वाढवणारी. अशा गोळ्या घेणारे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवावे. उन्हात पाणी किती प्यायचे आणि गोळी तशीच चालू ठेवायची की नाही, हे प्रत्येकाचे वेगळे असते. "उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या" हा सल्ला सर्वांना सारखा लागू नाही. गोळी मनाने बंद करणे तर त्याहून वाईट. आणखी एक गोष्ट बायकांच्या बाबतीत मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. रस्त्यावर धड स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी डोके दुखते, चक्कर येते, दोन दिवसांनी लघवीची जळजळ. आमच्या आईनेही तेच केले होते. माणगावला लक्षात आले तेव्हा तांब्याभर सरबत पुढ्यात ठेवून मी समोर बसलो. "डॉक्टर झालास म्हणून आईला दटावतोस काय रे," असे म्हणत तिने ते संपवले.

मधुमेही मंडळींनी इन्सुलिनची कुपी गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नये. मे महिन्यातल्या बंद गाडीत ते औषध निकामी होते. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फाला प्रत्यक्ष चिकटणार नाही अशी ती ठेवावी आणि थर्मास माणसांबरोबर फिरावा. आणि औषध तिथे टिकत नसेल तर मूल कसे टिकेल? उन्हात उभ्या बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढू शकते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. "झोपलंय, कशाला उठवा, चहा घेऊन येतो" हा चहा कधीही घेऊ नका.

ऊन लागलेल्या माणसाला नुसता थकवा, पेटके, डोकेदुखी असेल तर सावली, ओले कापड आणि ओआरएस पुरते. पण तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात आहे. त्याला पाणी पाजत बसू नये, ठसका लागेल. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच थंड करीत करीत रुग्णालयात न्यावे. ओआरएसची पाकिटे चार रुमालांबरोबर बॅगेत टाकावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणावर पटकीचे असंख्य रुग्ण जगवले. आज औषधाच्या दुकानात ते काही रुपयांना मिळते म्हणून त्याची किंमत कमी समजू नये.

कुंडलिकेच्या पाण्यात

मे महिन्यात कोकणातल्या नद्या आटलेल्या असतात. मग कोलाडला राफ्टिंग कसे होते, असा प्रश्न मुलांनी विचारला. उत्तर घाटावर आहे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून भिरा येथील वीजकेंद्रावर पाडतात आणि वीज निर्माण झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत येते. पाणी बहुधा सकाळी सोडले जाते, म्हणून राफ्टिंगही सकाळीच. सोडले नाही, तर त्या दिवशी राफ्टिंग नाही. कुंडलिकेकाठी नुसते डुंबायला जाणाऱ्यांनी मात्र यातला धोका समजून घ्यावा. पाऊस नसताना, आकाश निरभ्र असताना, थोड्या वेळात पाणी चढते. मघाशी ज्या खडकावर डबा उघडला होता तो खडक बेट होऊन बसतो. धरणाखालच्या कुठल्याही नदीला हे लागू आहे.

नदीच्या खळाळांची अवघडपणाप्रमाणे एक ते सहा अशी प्रतवारी करतात. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत मोडते, म्हणजे नवशिक्याला चालेल अशी. सुमारे बारा किलोमीटरचा टप्पा, दीड-दोन तासांचा. वयाची अट असते आणि तिच्यासाठी वाद घालू नये. आमचा पुतण्या नऊ वर्षांचा, त्याला घेतले नाही. भावाने थोडी घासाघीस केली, "आम्ही दोघे धरून बसतो की," वगैरे. नाव चालवणाऱ्याने नकार दिला आणि मला तो माणूस त्याच क्षणी आवडला. पोरगा रडला. त्याची समजूत काढायला, परतताना वॉटर पार्कमध्ये दिवसभर खेळायचे, असे कबूल झाले. तो आजी आणि काकूबरोबर काठावरच्या झाडाखाली बसला.

गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, फिट येणारे, नुकती शस्त्रक्रिया झालेले, खांदा वारंवार निखळणारे यांनीही काठावरच बसावे. दम्याच्या रुग्णाने फवारा जलरोधक पिशवीत बरोबर ठेवावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण ठरवून अशा व्यावसायिकांना नोंदणी आवश्यक केली आहे. पैसे भरण्यापूर्वी ती विचारावी. ज्याच्याकडे ती आहे तो विचारल्याबद्दल रागावत नाही.

जॅकेट अंगात घातले की ते बसले की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. दुसऱ्याने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढावे. जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकले तर ते ढिले आहे. पाण्यात जॅकेट वर तरंगेल आणि आपण त्याच्यातून खाली निसटू. शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली घट्ट हवा. नावेबाहेर पडलोच तर उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटे पाण्याबाहेर दिसतील अशी. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल दगडांच्या खाचेत अडकते, वरून पाणी रेटते आणि गुडघाभर पाण्यातही माणूस आडवा होऊन बुडतो. राफ्टिंगमधली ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे आणि ती सांगितली जात असताना निम्मे लोक फोटो काढत असतात.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. तिच्यावर तळवा कायम हवा. ती मोकळी सुटली की शेजाऱ्याच्या दातांवर बसते. तिसऱ्या खळाळात माझ्या मुलीच्या वल्ह्याची मूठ माझ्या ओठावर बसली. दात वाचला, ओठ मात्र संध्याकाळपर्यंत वांग्यासारखा झाला होता. तिला हसू आवरत नव्हते. एकूण मजा आली हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाटाने वर आलो. मुळशीचा जलाशय दिसला तेव्हा मुलांना गाडी थांबवून दाखवला. हे पाणी खरे मुळा नदीचे. मुळेचे पाणी भीमेत, भीमा कृष्णेत, म्हणजे त्याने जायचे पूर्वेच्या समुद्रात. वीज करण्यासाठी ते पश्चिमेला वळवले आणि काल ज्यात आपण भिजलो ते पाणी अरबी समुद्राला गेले. याच धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या पाण्यात मुले खेळतात त्याची थोडी हकीकत त्यांना ठाऊक असावी, असे मला वाटते.

नऊ वर्षांचा मुलगा

वॉटर पार्कचे नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे लाटांचा तलाव होता. दर थोड्या वेळाने भोंगा होतो आणि यंत्राने लाटा उठवतात. भोंगा झाला की सगळी गर्दी तिकडे धावते. दुपारचे साडेबारा झाले असतील. सौ. आणि आई सावलीत बसल्या होत्या, मुलगी घसरगुंडीच्या रांगेत होती. मी आणि भाऊ पुतण्याला घेऊन छातीएवढ्या पाण्यात उभे होतो. माझ्या छातीएवढ्या, त्याच्या डोक्यावरून. त्याच्या कमरेला हवा भरलेली रंगीत रिंग होती, म्हणून आम्ही निर्धास्त. मी भावाशी बोलत होतो. विषय आठवतो, टोलनाक्याचा होता.

पुतण्या माझ्यापासून दोन हातांवर होता. मी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा. रिंग सुटून बाजूला गेली होती. त्याचे डोके मागे कलले होते, तोंड पाण्याच्या पातळीशी उघडे, ओले केस डोळ्यांवर आलेले, ते तो बाजूला करत नव्हता. दोन्ही हात पाण्याखाली, शिडी चढताना करावेत तसे खाली दाबत होता. मला वाटले, खेळतोय. मी पुन्हा भावाकडे वळलो.

"दादा, त्याला धरा! दादा!" काठावरून भावजय किंचाळली. मी हात घालून त्याला वर उचलले. तो खोकला, ओकला आणि मग रडला. इतका वेळ त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. काठावर एक जीवरक्षक होता, त्याचे लक्ष तलावाच्या दुसऱ्या टोकाला होते. पण त्याला काय बोलणार? दोन हातांवर डॉक्टर उभा होता.

वाचकहो, मी एवढे तपशीलवार लिहिले ते यासाठी की बुडणे हे सिनेमात दाखवतात तसे नसते. हात हलवणे, "वाचवा" म्हणून ओरडणे हे ज्याला अजून श्वास मिळतो आहे त्यालाच जमते. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकी जीवरक्षकाने समुद्रकिनाऱ्यावरील कामाच्या वर्षांत हे बारकाईने पाहिले आणि मांडले. प्रत्यक्ष बुडणारा माणूस उभाच असतो, पाय मारत नाही, हात वर करू शकत नाही आणि बोलू शकत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या वेळात फक्त श्वास घेता येतो. पाण्यात पूर्ण जाण्यापूर्वी हे वीस ते साठ सेकंद चालते. आरडाओरडा करणारी मुले एकदम शांत झाली, तर आधी तिकडे पाहा. शंका आली तर विचारा, "बरा आहेस का?" उत्तर आले तर ठीक. उत्तर न देता शून्य नजरेने पाहत राहिला, तर धावा. माझ्याकडून हे तीन शब्द विचारणे राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण फार मोठे. हवेची रिंग, दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, संरक्षण नव्हे. ज्याला पोहता येत नाही त्याच्या अंगात जॅकेट हवे आणि लहान मूल कायम एका हाताच्या अंतरात हवे. चार मोठी माणसे बरोबर असली की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे. म्हणून पाळी लावावी. "आता अर्धा तास माझी पाळी" असे तोंडाने म्हणावे आणि त्या अर्ध्या तासात फोन नाही, गप्पा नाहीत, टोलनाका नाही.

नदी-तलावावर कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी घेऊ नये. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा अशी एकाच घरातली माणसे गेल्याच्या बातम्या या वर्तमानपत्रातही दर उन्हाळ्यात येतात. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि खाली दाबतो. दोर, साडी, काठी फेकावी, बूच लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकला तरी तो माणसाला तरंगत ठेवतो.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पालथे घालून पोट दाबणे, पायांना धरून उलटे टांगणे, गरगर फिरवणे हे सारे प्रकार सोडून द्या. पोटातले पाणी काढून काही साधत नाही, त्यात लाखमोलाची मिनिटे जातात आणि ओकारी छातीत उतरते. बुडालेल्याला हवी असते ती हवा. कठीण जमिनीवर उताणे ठेवावे. एकाने ११२ किंवा १०८ ला फोन करावा. कपाळ मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून फुंकावे, छाती वर येताना दिसली पाहिजे. असे पाच श्वास आधी द्यावेत. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळव्याने जोरात व जलद दाबावे, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर, मुलाची छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश खाली गेली पाहिजे. तीस वेळा दाबणे, दोन श्वास, पुन्हा तीस. ओकारी आली तर कुशीवर वळवून तोंड पुसावे आणि पुन्हा सुरू. मदत येईपर्यंत थांबू नये. हृदयविकारात नुसते छाती दाबणे चालते असे हल्ली सांगतात, ते बुडालेल्याला पुरत नाही, कारण त्याच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो. हे वाचून पुरते येत नाही. शिकवणारा कुणी भेटला तर पुतळ्यावर एकदा करून पाहावे.

आमच्या पुतण्याला यांतले काहीच लागले नाही. दहा मिनिटांत तो आईस्क्रीम मागू लागला. पण खोकला थांबत नव्हता आणि श्वास जरा जलद वाटत होता. "दादा, काही झालं नाहीये, उगाच घाबरवू नकोस सगळ्यांना. चल, जेवून घेऊ," असे भाऊ म्हणाला. भावजय काहीच बोलली नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मी गाडी काढली. जवळच्या रुग्णालयात बोटाला यंत्र लावले तेव्हा प्राणवायू ९४ होता. फुफ्फुसात थोडे पाणी गेले तरी काही तासांत सूज चढू शकते. म्हणून पाण्याखाली गेलेल्या मुलाला नंतर खोकला, दम, ओकारी, गुंगी किंवा ओठांवर निळसर झाक यांतले काहीही असेल तर सहा-आठ तास देखरेखीखाली ठेवावे लागते. अगदी ठणठणीत मूल आठवड्याने अचानक दगावते असे निरोप मोबाईलवर फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. त्रास व्हायचा असेल तर तो त्याच दिवशी, काही तासांत दिसू लागतो. आम्ही रात्री आठपर्यंत तिथल्या बाकावर बसून होतो. आकडा ९८ झाला तेव्हा भाऊ बाहेर जाऊन बराच वेळ एकटाच उभा राहिला.

परत आल्यावरच्या तक्रारी

आता उरलेल्या गोष्टी थोडक्यात. तलावाला क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात, पाणी स्वच्छ आहे. उलट आहे. तो वास बराचसा क्लोरीन आणि लोकांचा घाम, लघवी यांच्या संयोगातून होणाऱ्या पदार्थांचा असतो, डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. म्हणून आत जाण्यापूर्वी अंघोळ करावी आणि मुलांना दर तासाला लघवीला न्यावे. जुलाबाचा एक जंतू, क्रिप्टोस्पोरिडियम त्याचे नाव, क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर जगतो. तेव्हा ज्याला जुलाब होत आहेत त्याने तलावात उतरूच नये आणि इतरांनी ते पाणी तोंडात घेऊ नये. डोळ्यांतली भिंगे काढून ठेवावीत. कानाचा पडदा फाटलेला असेल तर पाणी वर्ज्य. बाकीच्यांनी पाण्यातून आल्यावर डोके तिरके करून कान निथळू द्यावा, कोरड्या फडक्याने बाहेरून टिपावा. काडी, केसांची पिन, किल्ली आत घालू नये.

घसरगुंडीवर उताणे, पाय आधी, हात छातीवर, आणि पुढचा माणूस खाली पोचून बाजूला झाल्यावरच. डोके आधी करून घसरणाऱ्या तरुणांच्या मानेचे काय होते ते पाहण्याची वेळ कुणावर न येवो. पाण्यात असताना घाम जाणवत नाही, पण येतच असतो, म्हणून तासाने पाणी प्यावे. दुपारी बारा ते तीन सावलीत.

पावसाळ्यात नदीत उतरला असाल आणि पुढे आठवडा-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना "आम्ही नदीत गेलो होतो" हे आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस वेळेवर ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो, पण डॉक्टरला नदी ठाऊक नसेल तर त्याच्या मनात तो आजार लवकर येत नाही.

त्या दिवशी आईला आम्ही "त्याच्या पोटात दुखतंय" असे सांगितले होते. ती हे सदर दर आठवड्याला चष्मा लावून वाचते, तेव्हा आज तिला खरे कळेल आणि संध्याकाळी मला जाब द्यावा लागेल. पुतण्या सध्या गावच्या विहिरीवर पोहायला शिकतो आहे, कमरेला डबा बांधून, शिकवणारा पाण्यात शेजारी. भावजय रोज सकाळी कामे टाकून विहिरीच्या पायरीवर बसते. फोन घरी ठेवून येते.